बँकेनं ताब्यात घेतलेल्या फ्लॅटची चावी माझ्याकडे आहे म्हणून गळतीचं बिलपण माझ्याच नावावर?

चावीवाला_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मी डोंबिवली पूर्वेला छोटं इस्टेट एजन्सीचं दुकान चालवतो, रिसेल आणि भाड्याची कामं, १४ वर्षं झाली. आत्ता एका भलत्याच लफड्यात अडकलोय म्हणून इथे विचारतोय, कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

एका बँकेनं (नाव घेत नाही) तिसऱ्या मजल्यावरचा एक टू बीएचके जानेवारीत ताब्यात घेतला. कर्जदाराचे हप्ते थकलेले, नोटीस वगैरे सगळं झालं, नायब तहसीलदार आणि पोलीस येऊन ताबा दिला, दाराला बँकेचं कुलूप आणि वर ती नोटीस गोंदानं चिकटवलेली. फेब्रुवारीत बँकेच्या अधिकाऱ्यानं मला बोलावून खाकी पाकिटात चावी दिली, म्हणाला तुमच्याकडे गिऱ्हाईक असतात, लिलावाआधी कोणी आलं तर दाखवत जा, विकला गेला तर तुमचं काय ते बघू. कागद काही नाही, फक्त व्हॉट्सॲपवर एक मेसेज की चावी दाखवण्यासाठी दिली आहे. मी आत्तापर्यंत सहासात पार्ट्या दाखवल्या. लिलाव दोनदा लागला, दोन्ही वेळा कोणी बोली लावली नाही कारण रिझर्व्ह प्राइसच (लिलावातली किमान किंमत) बाजारभावाला टेकलेली.

आता जुलैच्या त्या मोठ्या पावसात खालच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या छताला पाणी आलं. पीओपीचा एक तुकडा पडला तो नेमका त्यांच्या देव्हाऱ्यावर. खालचे काका सत्तरीचे, ते आणि सेक्रेटरी दोघं तडक माझ्या दुकानात. मी चावी घेऊन गेलो, दार उघडलं तर हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी! बाल्कनीचं पाण्याचं आउटलेट कबुतराच्या घरट्यानं आणि वाळलेल्या तुळशीच्या काड्यांनी गच्च बसलेलं, बाल्कनी भरून पाणी स्लायडिंगच्या पट्टीवरून आत. मी आणि माझा पोरगा दोघांनी सुपड्यानं दोन तास पाणी काढलं.

आणि चार दिवसांनी सोसायटीचं पत्र. "बँकेचे प्रतिनिधी" म्हणून माझ्या नावानं. थकलेला मेंटेनन्स १,१२,००० आणि खालच्या छताचं काम ३८,०००, पंधरा दिवसांत भरा नाहीतर कायदेशीर कारवाई. मी बँकेच्या साहेबांना फोन केला तर म्हणतात "तुम्ही लोकलचे आहात, जरा मॅनेज करा". काय मॅनेज करू? मी मालक नाही, बँक नाही, मला एक रुपया मिळालेला नाही अजून. माझी जबाबदारी नक्की कुठपर्यंत आहे?

निवृत्त_वसुलीवाला (नाशिक)

भाऊ, तीस वर्षं बँकेत काढली त्यातली शेवटची नऊ वसुली खात्यात, म्हणून सांगतो. आधी घाबरणं बंद करा आणि त्या पत्राला फोनवर उत्तर देऊ नका.

सरफेसी कायदा (थकलेल्या कर्जासाठी गहाण मालमत्ता बँकेला ताब्यात घेऊन विकता येते तो) २००२ चा, त्याच्याबरोबर त्याच वर्षीचे नियम आहेत, सिक्युरिटी इंटरेस्ट (एन्फोर्समेंट) रूल्स. त्यातला नियम ८ काढून वाचा, मराठीत सांगायचं तर असं आहे की स्थावर मालमत्तेचा प्रत्यक्ष ताबा घेतला की ती ऑथोराइज्ड ऑफिसरच्या (म्हणजे बँकेनं या कामाला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) ताब्यात राहते किंवा त्यानं नेमलेल्या माणसाच्या, आणि ज्याच्या ताब्यात असेल त्यानं साधारण शहाणा मालक स्वतःच्या घराची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यायची. हा उपनियम ३. त्याच्या पुढचाच उपनियम ४, की विकली जाईपर्यंत मालमत्तेचं जतन आणि संरक्षण ऑथोराइज्ड ऑफिसरनं करायचं, गरज असेल तर विमा पण काढायचा. म्हणजे बाल्कनीतलं घरटं काढणं हे काम मुळात त्याचं होतं, तुमचं नाही.

पण एक ग्यानबाची मेख आहे. "त्यानं नेमलेल्या माणसाच्या" हे शब्द. उद्या बँक म्हणाली की आम्ही ताबा या एजंटकडे दिला होता, तर ती शहाण्या मालकाची काळजी तुमच्या गळ्यात. म्हणून तुमचा तो व्हॉट्सॲप मेसेज सोन्यासारखा जपा. त्यात "दाखवण्यासाठी" हा शब्द आहे ना? दाखवण्यासाठी चावी देणं आणि राखणीला देणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आमच्या काळी राखणीला सिक्युरिटी एजन्सी नेमायचो तर तिला वर्क ऑर्डर असायची, महिन्याचं बिल यायचं. तुम्हाला वर्क ऑर्डर आहे? नाही. पगार आहे? नाही. मग राखणदार कसले.

आणि बँकेचा माणूस बजेट नाही म्हणून रडत असेल तर त्याला सरफेसीचं कलम १३(७) दाखवा. ताबा, जतन, विक्री याचा जो रास्त खर्च होतो तो कर्जदाराकडून वसूल होतो आणि विक्रीचे पैसे आले की पहिल्यांदा तोच वजा होतो, मग कर्ज, मग उरलं तर कर्जदाराला. म्हणजे प्लंबरचे आठशे रुपये बँकेच्या खिशातून कायमचे जातच नाहीत. तरी साहेब लोक करत नाहीत कारण आठशे रुपयांची नोट वर पाठवायला तीन सह्या लागतात, हे मी स्वतः केलेलं पाप आहे म्हणून सांगतो. येवल्याजवळच्या एका बंगल्याची पाण्याची टाकी आम्ही अशीच वाहू दिली होती, शेवटी कंपाउंडची भिंत पडली.

मला तीन गोष्टी सांगा. ताबा फिजिकल होता की आधी नुसता सिंबॉलिक (कागदोपत्री), तारीख काय. चावीची पोच तुम्ही सही करून दिलीय का. आणि शेवटची पार्टी कधी दाखवली.

सेक्रेटरी_नाइलाजाने (ठाणे)

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. आमच्या सोसायटीत असे दोन फ्लॅट होते म्हणून थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

एजंट लोकांना वाटतं सोसायटी उगाच मागे लागते. अहो, बँकेत फोन केला की ब्रँच म्हणते रिजनल ऑफिसला विचारा, रिजनल म्हणतं केस लीगलकडे आहे, लीगलवाला म्हणतो मी पॅनेलवर आहे मला अधिकार नाही. दीड वर्ष असं झालं की जो माणूस चावी घेऊन लिफ्टमधून वर जाताना दिसतो त्याचीच कॉलर धरली जाते. चूक आहे, मान्य, पण असंच होतं.

तरी तुमच्या सेक्रेटरीनं दोन वेगळ्या गोष्टी एका पत्रात कोंबल्यात. मेंटेनन्सचे १,१२,००० तुमच्याकडून मागायला त्यांना काडीचा आधार नाही. सोसायटीच्या दप्तरी सभासद अजूनही तो कर्जदारच आहे, बँकेनं ताबा घेतला म्हणून शेअर सर्टिफिकेटवरचं नाव बदलत नाही. बिल त्याच्या नावानं निघणार, व्याज लागणार (सरळ व्याज, ठरलेल्या कमाल दराच्या वर लावता येत नाही), आणि वसुलीचा दाखला हवा असेल तर सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली रजिस्ट्रारकडे अर्ज. पूर्वी हेच कलम १०१ खाली व्हायचं, २०१९ पासून गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. व्यवहारात काय होतं, बँक लिलावाच्या जाहिरातीतच लिहिते की थकबाकी घेणाऱ्यानं बघून घ्यावी आणि मग नवा मालक ना हरकतसाठी आला की त्याच्याकडून घेतात. आमच्याकडे एकानं ९६ हजार भरले, तोंड वाकडं करून का होईना.

गळतीचं वेगळं. तिथे खालच्या माणसाचं घर खराब झालंय आणि तो वाट बघू शकत नाही. आम्ही काय केलं ते सांगतो. त्या फ्लॅटची गच्चीवरची पाण्याची लाइन आहे ना, तिचा व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी बंद केला, त्याला कोणाची परवानगी लागत नाही कारण लाइन सोसायटीची. बँकेचं कुलूप आम्ही तोडलं नाही, तोडूही नका कोणी. ऑथोराइज्ड ऑफिसरच्या नावानं रजिस्टर्ड एडीनं पत्र, ताब्याच्या नोटिशीवर त्याचं नाव आणि पद छापलेलं असतंच, कॉपी झोनल ऑफिसला, सोबत फोटो आणि प्लंबरचं एस्टिमेट. त्यात लिहिलं की अमुक तारखेपर्यंत माणूस पाठवला नाही तर पुढच्या नुकसानीला तुम्ही जबाबदार. नऊ दिवसांत माणूस आला. फोनवर दीड वर्ष नाही आला तो.

तुमच्या सेक्रेटरीला हे सांगा. तुमच्यावर ओरडून त्याला पैसे मिळणार नाहीत हे त्यालाही माहीत असेल.

कट्ट्यावरचा_पंत

कबुतरानं काहीच बाकी ठेवलं नाही. लिलावात पहिली बोली त्याचीच धरा, निदान ताबा तरी प्रत्यक्ष आहे 😄

चावीवाला_डोंबिवली

पंत 😄 हसू आलं तीन दिवसांत पहिल्यांदा.

नाशिकवाले साहेब, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. ताबा फिजिकल, १७ जानेवारी, पंचनाम्याची कॉपी दारावर होती तिचा फोटो आहे माझ्याकडे. चावीची पोच मी दिलेली नाही, पाकिटावर त्यांचीच सही आहे.

शेवटची पार्टी ६ जुलैला. आता खरं सांगतो, आधी लिहिलं नाही कारण लाज वाटत होती. त्या दिवशी नवराबायको आले होते, आत सहा महिन्यांची कोंदट हवा, वास मारत होता, तर त्या बाईंनी बाल्कनीची स्लायडिंग उघडली. निघताना मी सरकवली एवढं आठवतंय पण कडी लावली का नाही ते छातीठोक सांगू शकत नाही. पाणी काढायला गेलो तेव्हा ती चार बोटं उघडी होती. वाऱ्यानं सरकली असेल किंवा माझी चूक असेल. यानं फरक पडतो का?

वकिलीण_बाई (कल्याण)

फरक पडतो, आणि सांगितलंत ते बरं केलंत. आता यातून एकच गोष्ट लक्षात ठेवा की घराची देखभाल हा एक विषय आणि तुमच्या हातून झालेली हयगय हा दुसरा. पहिल्याचे पैसे तुमच्याकडून कोणी मागू शकत नाही, दुसऱ्यातून बँकेचं नाव पुढे करून सुटता येत नाही.

जरा फोड करून सांगते. तुम्ही बँकेचे एजंट आहात, कागद नसला तरी. करार कायदा १८७२ चा, त्यात एजंटचं सगळं प्रकरण आहे. बँकेच्या वतीनं केलेल्या कराराला एजंट स्वतः बांधील नसतो (कलम २३०), बँकेनं सांगितलेलं कायदेशीर काम करताना तुम्हाला भुर्दंड पडला तर बँकेनं भरून द्यायचा (कलम २२२), पण काम करताना बेताची हुशारी आणि काळजी तुम्ही दाखवायची (कलम २१२), नाहीतर तुमच्या दुर्लक्षाचा थेट परिणाम म्हणून झालेलं नुकसान बँक तुमच्याकडून मागू शकते. आणि खालचे काका हे या सगळ्या कराराच्या बाहेरचे. त्यांचं छत तुमच्या हयगयीमुळे पडलं असं त्यांनी सिद्ध केलं तर मी एजंट होतो हा बचाव त्यांच्यापुढे चालत नाही, स्वतःच्या चुकीला प्रत्येक जण स्वतः जबाबदार.

आता तुमच्या केसमध्ये खरं कारण काय? आउटलेट तुंबलेलं होतं. घरटं एका दिवसात होत नाही. आउटलेट मोकळं असतं तर स्लायडिंग सताड उघडी राहूनही थोडा शिंतोडा आत आला असता, घोटाभर पाणी साठलं नसतं. आणि आउटलेट साफ ठेवणं हे नियम ८(४) चं काम, ऑथोराइज्ड ऑफिसरचं. उलट बाजूचा वकील म्हणेल की तुम्ही सहासात वेळा आत गेलात, घरटं तुम्हाला दिसलं असणार, बँकेला कळवलं का? हा प्रश्न बोचणारा आहे. कळवलं होतंत का कधी? एखादा फोटो, मेसेज, काहीही?

अजून एक. काही एजंट मला सांगतात की सरफेसीत सद्भावनेनं केलेल्या कामाला संरक्षण आहे. आहे, कलम ३२, पण ते बँक आणि बँकेच्या अधिकाऱ्यांसाठी लिहिलंय, चावी घेऊन फिरणाऱ्या ब्रोकरचं नाव त्यात कुठे नाही. आणि लेखी तक्रार हातात पडल्यावरही बँक गप्प बसली तर त्याला सद्भावना म्हणायला माझी तरी जीभ वळणार नाही.

"ॲज इज व्हेअर इज" (जसं आहे तसं, जिथे आहे तिथे घ्या) या लिलावाच्या अटीवर पण विसंबू नका. ती अट बँक आणि लिलावात घेणारा यांच्यातली. सुप्रीम कोर्टानं मे २०२३ मध्ये के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या निकालात जुन्या वीजबिलाच्या थकबाकीबद्दल याच शब्दांचा खल केला, की असं घेणाऱ्यानं आधी चौकशी करून घ्यायची असते. पण खालच्या मजल्यावरच्या माणसानं काही लिलावात भाग घेतलेला नाही, त्याचं छत जसं आहे तसं स्वीकारायचा त्याला काय संबंध?

एडिसनची_ताई (न्यू जर्सी)

मी इकडे लायसन्सवाली एजंट आहे आणि २०१० ते २०१७ बँकांची अशी घरंच विकत होते, इकडे त्यांना आरईओ म्हणतात. वाचताना हसू पण आलं आणि पोटात गोळा पण, कारण दादा, तुमचं जे चुकून झालंय ते इकडे एजंटच्या कामातच धरलेलं असतं.

म्हणजे बघा, घराचं लिस्टिंग मिळालं की पहिल्या दिवशी कुलपं बदलायची, दाराला लॉकबॉक्स, घरातला कचरा उचलायला माणूस, उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी गवत कापायचं, हिवाळ्याआधी सगळ्या पाइपातलं पाणी काढून कमोडमध्ये ते गुलाबी अँटिफ्रीझ ओतायचं नाहीतर पाणी गोठून पाइप फुटतो. लाइट पाण्याचं बिल आधी एजंटनं आपल्या क्रेडिट कार्डवर भरायचं आणि मग पोर्टलवर पावती टाकून पैसे मागायचे, मुदतीत टाकली नाही तर गेले. एका घराचे माझे ६४० डॉलर असेच बुडाले कारण पावतीवर घर नंबर पुसट आला होता. आणि हे सगळं लिस्टिंग ॲग्रीमेंटमध्ये सहीनिशी लिहिलेलं, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही.

कायदा काय म्हणतो तर इथे राज्याराज्यात वेगळं. आमच्या न्यू जर्सीत २०१४ ला कायदा आला, त्यात फोरक्लोजरचा (थकलेल्या कर्जापायी घर जप्त करायचा) दावा लावणारी बँकच रिकाम्या घराच्या बाहेरच्या भागाची जबाबदार असं गावाला ठरवता येतं, आणि बँक दुसऱ्या राज्यातली असेल तर तिनं न्यू जर्सीतला एक प्रतिनिधी नेमून त्याचं नाव गावाला कळवायचं. नाही नेमला तर दिवसाला २,५०० डॉलरपर्यंत दंड, देखभालीत कसूर केली तर दिवसाला १,५००. वाचायला छान वाटतं ना? आता तो प्रतिनिधी म्हणून कोणाचं नाव जातं ओळखा. एकदा एका बँकेच्या मॅनेजमेंट कंपनीनं मला न विचारता फॉर्मवर माझं नाव टाकलं, मला कळलं कधी, तर गवत दहा इंच झाल्याचा समन्स माझ्या घरी आला तेव्हा. म्युनिसिपल कोर्टात सकाळी नऊला उभी होते, माझ्या पुढे स्पीडिंगवाला आणि मागे कुत्रा मोकळा सोडलेला माणूस. माझ्या ॲग्रीमेंटमध्ये गवताचं काम दुसऱ्या व्हेंडरकडे असल्याचं लिहिलेलं होतं आणि मी त्या व्हेंडरला केलेल्या चार ईमेल होत्या, त्यावर सुटले.

कॅलिफोर्नियात चुला व्हिस्टा म्हणून गाव आहे, त्यांनी २००७ मध्येच नियम केला की बाहेरगावच्या बँकेनं जवळचा माणूस नेमून दर आठवड्याला घर बघायचं आणि दारावर त्याचा चोवीस तास लागणारा फोन नंबर लावायचा. नंतर बऱ्याच गावांनी ते उचललं. आणि लॉस एंजेलिस शहरानं डॉयचे बँकेवर २०११ ला मोडकळीला आलेल्या घरांबद्दल दावा लावला तेव्हा बँकेचं म्हणणं काय, तर आम्ही नुसते ट्रस्टी, देखभाल सर्व्हिसरची (कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीची). २०१३ ला एक कोटी डॉलरवर मिटलं. एवढ्या मोठ्या बँकेला पण ते काम माझं नाही हेच म्हणायचं होतं, तर तुमच्या साहेबांचं "मॅनेज करा" काय घेऊन बसलात.

एक काळजीचं सांगते. २००७ मध्येच कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला लोकांनी हप्ते थकवून सोडलेल्या घरांचे स्विमिंग पूल हिरवे झाले, त्यात डास झाले आणि त्या उन्हाळ्यात तिथे वेस्ट नाइल तापाचे पेशंट वाढले. तुमच्या फ्लॅटमध्ये पूल नाही पण कमोड आहे, फ्लश टँक आहे, मोरीत एखादी बादली असेल. जुलै महिना, डेंगीचे दिवस. बघितलंत का?

चावीवाला_डोंबिवली

ताई, तुमचं वाचून काल परत गेलो, सेक्रेटरींना सोबत घेऊन, एकटा गेलोच नाही. कॉमन टॉयलेटच्या झाकण लावलेल्या बादलीत काही नव्हतं, पण कमोडमध्ये आणि बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीखालच्या बशीत वळवळणाऱ्या अळ्या. बशी उपडी केली, कमोडमध्ये रॉकेल ओतलं. फोटो काढला. तुम्ही विचारलं नसतं तर मी आयुष्यात कमोडचं झाकण उघडलं नसतं.

वकीलताई, घरट्याचा मेसेज मिळाला! देवाची कृपा. १९ एप्रिलला एका पार्टीला दाखवायला व्हिडिओ केला होता तो मी साहेबांनाही टाकलेला, त्यात मी बोलतोय "बाल्कनीत कबुतरांनी घाण केलीय साहेब, साफ करून घ्यावी लागेल". खाली त्यांचा अंगठा आलाय 👍. पुढे काही नाही.

वकिलीण_बाई (कल्याण)

तो अंगठा जपून ठेवा. फोन बदलू नका, चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा, व्हिडिओसकट.

आता पत्र पाठवा, ऑथोराइज्ड ऑफिसरला, कॉपी सोसायटीला. लांबण लावू नका. फेब्रुवारीत चावी फक्त दाखवण्यासाठी दिली, ताबा किंवा राखण माझ्याकडे कधीच नव्हती. १९ एप्रिलला बाल्कनीबद्दल कळवलं होतं. जुलैत पाणी साठलं, मी आपणहून काढलं, तो खर्च इतका. सोसायटीचं पत्र सोबत जोडलंय, त्याचं उत्तर तुम्ही द्या. आणि चावी अमुक तारखेला परत करतोय, पोच द्यावी. स्लायडिंगच्या कडीबद्दल त्यात स्वतःहून कबुलीजबाब लिहू नका, पण कोणी विचारलं तर खोटंही बोलू नका, ६ जुलैला पार्टी दाखवली एवढं खरं आहे तेवढं लिहा.

खालच्या काकांशी मात्र माणुसकीनं बोला. तुमची इच्छा असेल तर देव्हाऱ्याच्या वरचा पॅच स्वखर्चानं करून द्या, "कोणतीही जबाबदारी मान्य न करता" असं एका ओळीत लिहून. तुमचं दुकान त्याच गल्लीत आहे, तिथे अजून वीस वर्षं बसायचंय.

निवृत्त_वसुलीवाला (नाशिक)

बाईंनी सगळं सांगितलं. माझं एकच, चावी परत करताना पाकीट तसंच हातात ठेवून येऊ नका. बँकेचा माणूस, तुम्ही आणि सोसायटीचा एक जण, तिघं फ्लॅटमध्ये जा, पंचनाम्यातली सामानाची यादी घेऊन एकेक वस्तू मोजा, फॅन किती, गीझर आहे का, बेड आहे का. उद्या गीझर गेला तर एजंटनं नेला असंच म्हणणार सगळे. आमच्याकडे एका केसमध्ये कर्जदारानं चक्क देवाच्या चांदीच्या समया गेल्याची तक्रार केली होती, पंचनाम्यात समयांचा उल्लेखच नव्हता, कोणी खरं कोणी खोटं आजतागायत कळलं नाही.

सेक्रेटरी_नाइलाजाने (ठाणे)

आणि पुढच्या वेळी कोणत्याही बँकेचा फ्लॅट घेताना एक पानाचं पत्र मागा. चावी दाखवण्यापुरती, देखभाल बँकेची, दर महिन्याला एकदा बघायचं असेल तर त्याचे इतके पैसे. नाही दिलं तर चावी घेऊ नका. ब्रोकरेज एक टक्का मिळायचा आणि शिव्या शंभर टक्के.

चावीवाला_डोंबिवली

अपडेट देतो. पत्र रजिस्टर एडीनं गेलं, ईमेलही केला. इतके दिवस मॅनेज करा म्हणणाऱ्या साहेबांचा त्याच संध्याकाळी फोन, "अहो लेखी कशाला द्यायचं, आपले चांगले संबंध आहेत". मी म्हटलं साहेब संबंध चांगले राहावेत म्हणूनच लेखी दिलं. प्लंबर पाठवतो म्हणालेत, बाल्कनीला जाळी पण लावतात म्हणे. सोसायटीनं मेंटेनन्सची मागणी माझ्या नावावरून काढली, सेक्रेटरी स्वतः येऊन सांगून गेले, चहा घेतला दुकानात. खालच्या काकांच्या छताचा पॅच मी करून देतोय, पेंटरला सात हजार ठरलेत. कडी मनात खुपतेय म्हणून.

आता एक नवीनच. कर्जदाराच्या बायकोचा काल फोन आला, नंबर कुठून मिळाला माहीत नाही. रडत होती. मुलीची दहावीची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला बेडरूमच्या लोखंडी कपाटात राहिलाय, ॲडमिशनला लागतोय, भाऊ पाच मिनिटं दार उघडा म्हणते. चावी अजून परवापर्यंत माझ्याकडेच आहे. काय करू?

निवृत्त_वसुलीवाला (नाशिक)

तुम्ही उघडू नका, कितीही वाईट वाटलं तरी. पण तिला नुसतं नाही म्हणून ठेवूनही देऊ नका. तिला सांगा ऑथोराइज्ड ऑफिसरच्या नावानं चार ओळींचा अर्ज लिही, कपाटातले अमुक कागद हवेत. परवा तुम्ही तिघं यादी तपासायला जाणारच आहात ना, तेव्हाच तिला बोलवा. बँकेच्या माणसासमोर कपाट उघडायचं, कागद द्यायचे, यादीवर तिची सही घ्यायची. शाळेचे दाखले अडकवून ठेवायला बँकेला काही रस नसतो, मी स्वतः असे दिलेत.

चावीवाला_डोंबिवली

साहेबांना विचारलं, हो म्हणाले, आणि यावेळी ईमेलवर हो म्हणाले. परवा साडेअकरा. मुलगीही येणार आहे म्हणाली, तुळशीची कुंडी न्यायचीय म्हणे तिला, वाळलेली आहे सांगितलं तरी.